गरजू श्रीमंतांना हात द्या

आपल्या देशातल्या वरच्या एक टक्का लोकांकडे २०२२-२३ साली एकूण संपत्तीचा ४०.१ टक्के वाटा होता, असं फ्रेंच अर्थतज्ज्ञ थॉमस पिकेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये मांडलं. आकडा वाचून बरेच लोक हळहळले. हळहळण्यासारखंच आहे. स्वातंत्र्य मिळून एवढी वर्षं झाली, तरी जवळजवळ साठ टक्के संपत्ती अजून भलत्याच लोकांकडे पडून आहे! त्यातली थोडीफार तुमच्याकडेही निघेल. ती लवकरात लवकर योग्य ठिकाणी पोचवायला हवी, आणि त्यासाठी मोठा त्याग वगैरे लागत नाही. रोजची खरेदी पुरते.

सुरुवात मंडईत करा. मेथीची जुडी वीसला म्हटलं की आधी चेहरा दुखावल्यासारखा करा. "काय हो मावशी, काल पंधराला नेली ना!" काल तुम्ही मंडईकडे फिरकलाही नव्हता हे मावशींना ठाऊक असतं, पण बोलायची रीत आहे. दोन पावलं पुढे जा, हाक येईल. परत या, पंधरा रुपये टेकवा आणि निघता निघता "वर थोडी कोथिंबीर टाका" म्हणा. वाचलेले पाच रुपये नीट ठेवा, संध्याकाळी लागणार आहेत.

कारण संध्याकाळी तुम्ही मोबाइलवरून जेवण मागवणार आहात. बिलात प्लॅटफॉर्म फी नावाची एक ओळ असते. झोमॅटोने ती ऑगस्ट २०२३ मध्ये दोन रुपयांपासून सुरू केली आणि पुढच्या वर्षीच्या दिवाळीच्या तोंडावर ती दहावर नेली. सव्वा वर्षात पाचपट! मेथीने असा पराक्रम केला असता तर मावशींना सोसायटीच्या गेटवर उभं करू नये असा ठराव एकमताने झाला असता. इथे मात्र कुणी दोन पावलं पुढे जाऊन हाकेची वाट बघत नाही, आणि बघूही नये. फी भरा, पॅकिंगचे भरा, पाऊस असेल तर पावसाचेही भरा. भिजत आलेल्या पोराला त्या पावसाच्या पैशातले किती मिळतात, ही चौकशी दारात करत बसू नका. त्याला पुढच्या ऑर्डरला उशीर होतो.

कोपऱ्यावरच्या वाण्याला मात्र अगदी तोडू नका. पगार झाला की दहा मिनिटांत सामान आणणारं अ‍ॅप, आणि पंचवीस तारखेनंतर वाण्याची वही. रोखीचा धंदा त्यांनी करावा, उधारी याने सांभाळावी. अर्थशास्त्रात याला श्रमविभागणी म्हणत असावेत.

आता कुणी तुम्हाला सांगेल की ग्राहक राजा आहे, त्याने शहाणपणाने निवड करावी. जरूर करा. साबणाच्या फळीसमोर उभे राहा. लक्सवर राग आला? डव्ह घ्या. डव्ह महाग पडतो? लाइफबॉय आहे. लहानपणची आठवण म्हणून हमाम, उन्हाळ्यासाठी लिरिल, पाहुण्यांसाठी पिअर्स. प्रत्येक वेळी मनात बंडाची उकळी फुटू द्या. सगळे हिंदुस्तान युनिलिव्हरचे असल्यामुळे बंडाचे पैसे फार न भटकता अंधेरीतल्या एकाच कचेरीत सुखरूप पोचतात. कपड्यांच्या साबणात लोकशाही पार तळापर्यंत गेली आहे. साहेबाला सर्फ, कारकुनाला रिन, मजुराला व्हील, आणि मालक तोच.

समता पाहिजे असेल तर त्याच साबणाच्या बिलात जीएसटी बघा. अल्टामाउंट रोडवरच्या २७ मजली घरात गेलेल्या वडीला जो दर, तोच तुमच्याकडे भांडी घासणाऱ्या ताईंच्या वडीला. पूर्वी श्रीमंतांसाठी संपत्ती कर असा एक वेगळा, भेदभाव करणारा कर होता. ३० लाखांच्या वर मोजून एक टक्का! २०१५ च्या अर्थसंकल्पात तो काढून टाकला. वसुली फार होत नव्हती म्हणे. ज्याची वसुली होत नाही तो कर रद्द होतो, हा नियम ताईंनी साबण न घेऊन वापरून बघायला हरकत नाही.

एका गोष्टीपासून मात्र कटाक्षाने लांब राहा. खरेदी एकट्याने करावी. चार माणसं एकत्र आली की घोटाळा होतो. लोकांकडून पैसा पैसा गोळा करून उभारलेल्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. गिरणगावातल्या नायगावात १९४८ मध्ये अपना बाजार निघाला. गिरगावात १९५९ साली सात बायका ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला बसल्या, त्या लिज्जतच्या आज सगळ्याच जणी मालकीण आहेत. मुंबई ग्राहक पंचायतीत तर १९७५ पासून शेजारपाजारची कुटुंबं संघ करून महिन्याचं वाणसामान एकदम मागवतात आणि आपसात वाटून घेतात. जाहिरात नाही, प्लॅटफॉर्म फी नाही. अशाने वरच्या एक टक्क्याने जगायचं कसं?

तेव्हा सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणी "आपण सगळे मिळून शेतकऱ्याकडून थेट तांदूळ मागवू या का?" असं विचारलं, तर नाही म्हणू नका. वाईट दिसतं. अंगठा दाखवा आणि लगेच खाली पाहुण्यांच्या गाड्यांच्या पार्किंगचा विषय काढा. पुढच्या वार्षिक सभेपर्यंत तांदळाचं नाव कुणी काढणार नाही.