भेटीचं कारण : व्याज

आमचं भोसरीला छोटं मशीन शॉप आहे. बुश, पिना, स्पेसर, असला माल. चाकणच्या एका कंपनीने आमचं दोन लाख छत्तीस हजारांचं बिल थकवलं, मी पत्र लिहून त्यावर व्याज मागितलं, आणि ‘प्रत्यक्ष येऊन भेटा’ असा निरोप आला. कथानक एवढंच. खरा प्रकार गेटवर सुरू झाला.

वॉचमनने रजिस्टर पुढ्यात ओढलं. “कशासाठी आलाय?”

“अकाउंट्सला भेटायचंय.”

“ते ‘कुणाला’च्या रकान्यात. इथं कारण लागतंय. मटेरियल का इंटरव्ह्यू?”

“पेमेंट.”

“पेमेंटवाले बुधवारी. आज गुरुवार.”

“पेमेंट नाही हो, उशिरा पेमेंटवरचं व्याज. मला बोलावलंय.”

त्याने पेन खाली ठेवलं. “म्हणजे बँकेतनं आलाय.”

“नाही, मी व्हेंडर आहे.”

“व्हेंडर माल देतो. व्याज बँक घेती.”

“मलाही घेता येतं. कायदा आहे तसा.”

कायदा म्हटल्यावर तो उठून उभाच राहिला. “वकील आहे का सोबत?”

“कुणी नाही. मी एकटाच आहे.”

“तसं नाय साहेब, वसुलीवाल्याला आत सोडायचं नाय अशी ऑर्डर आहे. मागं कँटीनच्या पोराच्या गाडीचा हप्ता थकला, तर दोघं जण थेट डाळीच्या पातेल्यापर्यंत गेले होते. बोलणी मला बसली.” मग त्याने दुसऱ्या वॉचमनला हाक मारली. “ए, हे व्याज मागायला आलेत. कशात टाकू?” दुसऱ्याने मला बुटापासून केसांपर्यंत न्याहाळलं आणि माझ्या एकूण अवतारावरून निकाल दिला, “काय नाय करत. सोड.”

मोबाईलच्या कॅमेऱ्यावर लाल स्टिकर चिकटवून, ‘कारण : फायनान्स (घेणे)’ असा पास गळ्यात अडकवून मी आत गेलो. ज्यांनी माझे पैसे अडकवलेत, त्यांच्याकडून माझी झडती.

आता हा कायदा काय म्हणतो ते सांगून टाकतो, कारण तिथे कुणी ऐकून घेतलं नाही. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीचा हा एमएसएमई कायदा २००६ चा. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचा माल स्वीकारला की ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे, आणि ती मुदत ठरवून ठरवून ठरवली तरी ४५ दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही. काहीच ठरलं नसेल तर १५ दिवस. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. बँक रेट साडेपाच टक्के धरला तरी साडेसोळा टक्के झाले. माझं तीन महिन्यांचं व्याज ९,८६९ रुपये निघालं. रुपयांवरचे सुटे पैसे मी मुद्दाम सोडले, उदार दिसावं म्हणून.

त्या बिलातले छत्तीस हजार तर जीएसटीचे. ते मला मिळाले नाहीत, पण पुढच्या महिन्याच्या २० तारखेला मी कॅश क्रेडिटमधून उचलून सरकारला भरले. नसते भरले तर सरकार १८ टक्क्यांनी व्याज लावतं. कॅश क्रेडिटवर बँक व्याज लावते. वीजबिल चुकलं की पुढच्या बिलात आकार लागून येतो. यांच्यापैकी कुणालाही कुणी म्हणत नाही की, अहो, संबंध बिघडतील.

१८७५ साली सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. दख्खनचे दंगे म्हणून आपण शाळेत शिकलो. तेव्हा सावकार कोण आणि ऋणको कोण हे चेहऱ्यावरून कळत तरी होतं. आज मी कागदोपत्री सावकार, आणि माझाच ऋणको एसीत बसून मला बाहेर ताटकळत ठेवतो. वह्या जाळायच्या म्हटलं तर माझ्याच जाळाव्या लागतील.

रिसेप्शनच्या सोफ्यावर एक काका बसले होते. मांडीवर डबा, शेजारी पिशवी, आणि बसण्यात असा सराव की सोफ्याला त्यांचा आकार आलेला. हातमोजे आणि कॉटन वेस्ट पुरवतात म्हणाले. माझ्या गळ्यातला पास त्यांनी चष्मा वर करून वाचला.

“फायनान्स?”

“नाही हो काका. व्याज मागितलंय, लेट पेमेंटचं.”

“यांच्याकडे?” काका इतके हसले की डब्याचं झाकण वाजलं. “लेखी?”

“लेखी.”

“अरे बापरे. आणि कंपनी चालू ठेवायचा विचार आहे ना पुढे?” मग जवळ सरकून हळूच, “मलाही मिळेल का हो?”

“उद्यमचा दाखला आहे? लघु उद्योगाच्या नोंदणीचा?”

“आहे की. लॅमिनेट केलाय.”

“तुम्ही माल बनवता का नुसता विकता?”

“विकतो.”

“मग नाही मिळणार. व्यापाऱ्यांचा दाखला बँकेच्या प्राधान्य कर्जापुरता. हे व्याज तुम्हाला लागू नाही.”

मला वाटलं काका हिरमुसतील. पण त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव आला. “बरं झालं बाई,” म्हणाले, आणि डबा उघडून मला मेथीची वडी दिली. “हक्क असला की माणसाला झोप लागत नाही.”

अकाउंट्सचे साहेब माझ्या मुलाच्या वयाचे. “सर, आपले इतके जुने संबंध,” अशी सुरुवात झाली. जुने संबंध म्हणजे जुनी बिलं, हे मी बोललो नाही. “तुमच्या लेटरमुळे बिल सिस्टीममध्ये होल्डला गेलंय. ‘डिस्प्यूट’ दाखवतंय.” त्याआधी ते कुठे गेलं होतं, हे सिस्टीम दाखवत नाही.

मी म्हटलं, वेळेत पैसे दिले नाहीत आणि आर्थिक वर्ष संपेपर्यंतही थकवले, तर त्या वर्षी तुम्हाला खर्चाची वजावट मिळत नाही. १ एप्रिल २०२४ पासून आयकरात तशी तरतूद आहे. आणि व्याज दिलंत तर त्याचीही वजावट नाही. ते छान हसले. “म्हणून तर सर, व्याज आम्ही देतच नाही.”

तक्रारीला फॅसिलिटेशन कौन्सिल आहे, म्हणजे थकलेल्या बिलांचा निवाडा करणारं सरकारी मंडळ, ऑनलाइन अर्ज आहे. निकाल विरोधात गेला तर कंपनीला ७५ टक्के रक्कम भरल्याशिवाय तो रद्द करा म्हणून कोर्टात जाता येत नाही. सगळं आहे. फक्त अर्ज केला त्या दिवशी पुढची पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, बंद, आणि माझ्याकडे पाच पोरं मशीनवर उभी आहेत. हे त्या साहेबांना कलमांपेक्षा जास्त पाठ होतं.

त्यांनी एक मजकूर पुढे सरकवला. ‘आम्ही व्याजाची मागणी स्वखुशीने मागे घेत आहोत, भविष्यातही करणार नाही.’ स्टॅम्पपेपरवर, नोटरी करून. मी म्हटलं, कायद्यात लिहिलंय, करारात काहीही असलं तरी व्याज लागतंच. “असेल सर. ऑडिटला कागद लागतो.” शंभराचा स्टॅम्प ऑक्टोबर २०२४ पासून चालत नाही, पाचशेचा. वर नोटरीचे पैसे वेगळे. हे सगळं स्वखुशीने.

मजकूर हातात घेऊन बाहेर आलो तर काका उभेच. त्यांनी तो कागद ओढून घेऊन शेवटपर्यंत वाचला, आणि पहिल्यांदाच त्यांचं हसू गेलं.

“हा आता सगळ्या व्हेंडरांकडून घेतील?”

“घेतीलसं वाटतं. फॉरमॅट तयार आहे.”

“म्हणजे मला जे व्याज मिळायचंच नव्हतं, ते सोडायला मी पाचशेचा स्टॅम्प घेऊ?” काका म्हणाले. “कमाल आहे हो तुमची.”