मोंपेलिएचा बहुरूपी

परवा पुतण्याने एक रील दाखवली. बसस्टॉपवर एक आजोबा उभे आहेत. मागून एक पोरगा येतो, त्यांची टोपी उचलतो आणि पळतो. आजोबा चार पावलं धावतात, धाप लागून थांबतात. मग पोरगा परत येऊन म्हणतो, "आजोबा, प्रँक होता! तिकडे कॅमेरा आहे, हात दाखवा." आजोबा बिचारे हात दाखवतात.

मी हसलो नाही. पुतण्या म्हणाला, "काका, तुम्हाला ह्यूमरच कळत नाही."

हे जरा लागलंच. कारण या पोराचा जन्म व्हायच्या आधीपासून मी प्रँक बघतोय. आमच्या हॉस्टेलवर नेट रडतखडत चालायचं. एखादा पठ्ठ्या रात्रभर बसून क्लिपा उतरवायचा आणि सकाळी त्या पेनड्राइव्हवरून खोल्याखोल्यांतून फिरायच्या. त्यात आमचा लाडका होता फ्रान्समधल्या मोंपेलिए शहराचा रेमी गायार. व्हिडिओ गेममधल्या मारिओचा वेष करून, गो-कार्टमध्ये बसून भर रस्त्यावर केळीची सालं फेकत जाणारा. फ्रेंचचं अक्षर कळत नव्हतं, पण कळायची गरजही नव्हती.

या गड्याची चपलांच्या दुकानातली नोकरी गेली आणि रिकामपणी तो या उद्योगाला लागला. तेव्हा यूट्यूब जन्मालाही यायचं होतं. त्याचा सगळ्यात भारी पराक्रम 2002 सालचा. फुटबॉलच्या फ्रेंच कपची फायनल, लोरिआं विरुद्ध बास्तिया. राष्ट्राध्यक्ष शिराक हजर. राष्ट्रगीताच्या वेळी प्रेक्षकांनी शिट्ट्या मारल्या म्हणून शिराक रागावून उठून गेलेले, मग परत आलेले आणि सामना उशिरा सुरू झालेला. वातावरण असं तापलेलं. लोरिआं जिंकल्यावर हा पठ्ठ्या त्यांचीच जर्सी घालून खेळाडूंच्या घोळक्यात घुसला, जल्लोष केला आणि खुद्द शिराकांशी हात मिळवून आला! एवढा बंदोबस्त, आणि अंगावर एक जर्सी आहे एवढ्यावर कुणी विचारलं नाही की बाबा, तू कोण?

फ्रेंचमध्ये म्हण आहे, लोखंड ठोकता ठोकताच माणूस लोहार होतो. गायारने ती वाकवून आपलं ब्रीदवाक्य केलं: वाट्टेल ते करता करताच माणूस वाट्टेल तो होतो. मला त्यात आपला बहुरूपी दिसतो. लहानपणी आमच्या दारात खाकी कपड्यातला 'फौजदार' यायचा, "चला, वॉरंट आहे तुमच्या नावाचं" म्हणून दरडावायचा. आजी आतून ओरडायची, "मेल्या, तूच ना रे गेल्या वर्षीचा?" तो हसायचा, पसाभर धान्य घेऊन पुढच्या दारी जायचा. सोंग त्याच्या अंगावर असायचं. घाबरायचं, हसायचं की हाकलायचं, हे आपल्या हातात.

गायारचं बरंचसं असंच होतं. कधी गोगलगाय, कधी कांगारू. कांगारू होऊन तो येणाऱ्याजाणाऱ्यांना ठोसे मारायचा, त्याला काही मी सभ्यपणा म्हणणार नाही. पण समोरच्याला कांगारू दिसत तरी होता. चिडला तर तो उलटा फटका देऊ शकत होता, पोलीस तर गायारच्या मागे कायमच असायचे. फजिती झाली तर निम्मी त्याची स्वतःची.

मग 2014 साली त्याने तो व्हिडिओ टाकला. बाया बागेत, रस्त्यावर आपापल्या नादात बसलेल्या, वाकलेल्या. हा त्यांच्यामागे बराच लांब उभा राहतो आणि कॅमेरा असा धरलेला की पडद्यावर वाटावं, हा त्यांच्याशी संभोग करतोय. ताजमहालाचं टोक चिमटीत धरल्याचे फोटो काढतात ना, तीच युक्ती. मोठा गदारोळ झाला. पाठीराख्यांचं म्हणणं ठरलेलं: स्पर्शसुद्धा केला नाही, मग बिघडलं काय?

मी तेव्हा थोडा त्यांच्याच बाजूचा होतो, खोटं कशाला बोलू. आता वाटतं, बिघडलं ते तिथेच. त्याच्या बाकीच्या खोड्यांत समोरच्या माणसाला काहीतरी दिसतं. इथे सगळ्या जगाला दिसतंय, फक्त त्या बाईला दिसत नाही. या वेळी सोंग गायारने घेतलेलंच नाही, ते तिच्यावर चढवलंय, तिच्या पाठीमागे. त्या बाया आधीच सांगून उभ्या केलेल्या असल्या तरी मला फरक पडत नाही, कारण प्रेक्षकाला हसवायचंय ते 'हिला माहीतच नाही' यावरच.

माणूस तिथे संपला असता तर सोपं होतं. पण 2016 मध्ये हाच गायार मोंपेलिएजवळच्या प्राण्यांच्या आश्रमात कुत्र्याच्या पिंजऱ्यात जाऊन बसला. चार दिवस. कुत्र्यांना घरं मिळावीत, आश्रमाला पैसे मिळावेत म्हणून. दोन लाख युरोंहून जास्त जमले. थंडीच्या दिवसांत पिंजऱ्यात बसलेला तो दाढीवाला पाहून मी त्याला निम्मं माफ केलं होतं. 2020 मध्ये मोंपेलिएच्या महापौरपदाला उभा राहिला आणि पहिल्या फेरीत 9.58 टक्के मतं घेतली! दुसऱ्या फेरीसाठी 10 टक्के लागतात. मग गेला आणि मोहेद आल्त्राद या अब्जाधीशाच्या उमेदवारांच्या यादीशी हातमिळवणी करून बसला. तेही हरले. मला ही हातमिळवणी शिराकांच्या हस्तांदोलनापेक्षा जास्त विनोदी वाटते, फक्त या वेळी त्याने ती गंभीरपणे केली होती.

पुतण्याला मी शिराकवाला व्हिडिओ दाखवला. तो म्हणाला, "पण काका, यात कुणाची वाजवली?" मी म्हटलं, बंदोबस्ताची. त्याला ते काही फार पटलं नाही. मारिओला मात्र खो खो हसला.

टोपीवाल्या आजोबांची रील त्याने अजून डिलीट केलेली नाही. मी सांगितलंही नाही. फक्त एवढंच विचारलं, "आजोबांनी हात कुणाला दाखवला रे?" तर म्हणाला, "कॅमेऱ्याला." आणि पुढच्या रीलवर गेला.