गुडघा माझा, अ‍ॅप कुणासाठी?
कबड्डीत पकड सोडवताना गुडघा फिरला, एसीएल, म्हणजे गुडघ्यातली हाडं जोडून ठेवणारं लिगामेंट तुटलं, ऑपरेशन झालं. आता व्यायामासाठी दिलेलं अ‍ॅप रोज सकाळी डोकं फिरवतं. चटईवर पाय लांब करून, टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून कसाबसा बसतो, मोबाईल तिकडे टीपॉयवर. आणि अ‍ॅप म्हणतं, प्रत्येक सेटनंतर ‘पुढे’ दाबा! दरवेळी लंगडत उठू की काय?

दुखणं विचारतात ० ते १०. टाकतो ४. पण काल जिना उतरल्यावर गुडघा टम्म सुजला, हे सांगायला रकानाच नाही. सूज असताना व्यायाम करू की थांबू, नेमकं तेच तर विचारायचंय! उलट एक दिवस चुकला की लगेच ‘तुमची साखळी तुटली’. अरे बाबा, माझं लिगामेंट तुटलंय, साखळीचं काय घेऊन बसलास!

वर ‘६२ टक्के बरे झालात’. कशावरून? तर व्हिडिओ पाहिले त्यावरून. मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या निदान ९० टक्के होईपर्यंत आणि ९ महिने उलटेपर्यंत मैदानाचं नाव काढू नकोस, असं फिजिओताई बजावतात. अ‍ॅपने मात्र दुसऱ्याच महिन्यात स्क्रीनभर फटाके उडवले.