‘आधी शैली ठरवा, गिटार आपोआप ठरेल’ : एका दाव्याचा प्रतिवाद

सोलापुरातील वादकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांमध्ये सध्या एक संदेश फिरतो आहे. कंट्री वाजवायचे असेल तर फेंडर कंपनीची टेलिकास्टर, ब्लूज आणि फंकसाठी फेंडरचीच स्ट्रॅटोकास्टर, हार्ड रॉकसाठी हंबकर (तारांची कंपने विजेच्या संकेतात बदलणाऱ्या ‘पिकअप’चा एक प्रकार) बसवलेली, गिब्सन कंपनीची लेस पॉल आणि मेटलसाठी फ्लॉइड रोझ ब्रिजची (तारा अडकवलेला हा भाग दांडीने हलवून सूर खालीवर करता येतो) गिटार घ्यावी, असे त्यात सांगितले आहे. जड महॉगनी लाकडाचा आवाज भारदस्त असतो आणि चुकीची गिटार घेतल्यास शैली कधीच साधत नाही, अशीही पुस्ती त्याला जोडलेली आहे. नव्याने शिकणारी मुले आणि त्यांचे पालक हा संदेश प्रमाण मानून खरेदीला निघतात, म्हणून वाद्यवृंदात अनेक वर्षे गिटार वाजवणारा आणि शिकवणारा या नात्याने त्याला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

अमुक गिटार अमुक शैलीसाठीच घडवली गेली, या गृहीतकाला इतिहासाचा आधार नाही. गिब्सनने लेस पॉल 1952 साली बाजारात आणली, तेव्हा हार्ड रॉक अस्तित्वातच नव्हते. ज्यांचे नाव त्या गिटारला दिले गेले ते लेस पॉल जॅझ आणि लोकप्रिय गाणी वाजवणारे वादक होते. याउलट, ज्या टेलिकास्टरला हा संदेश कंट्रीपुरती बांधून टाकतो, तिच्यावरच जिमी पेज यांनी लेड झेपेलिन या हार्ड रॉक बँडच्या 1969 सालच्या पहिल्या अल्बमचा बहुतांश भाग वाजवला. कॅनडाचे एड बिकर्ट यांनी टेलिकास्टरवर अनेक वर्षे जॅझ वाजवले, तर आयर्न मेडनचे डेव्ह मरे स्ट्रॅटोकास्टरवर हंबकर बसवून मेटल वाजवतात. पिकअप बदलता येतो, ही साधी गोष्टही त्या संदेशात कुठे दिसत नाही.

शिवाय आपल्याकडच्या वादकाला ‘तुझी शैली कोणती’ हा प्रश्न विचारण्यातच फारसा अर्थ नाही. हुतात्मा स्मृती मंदिराचा रंगमंच असो की बाळीवेशीतला गणपतीचा मंडप, एकाच कार्यक्रमात गणेशवंदना, जुनी भावगीते, आर. डी. बर्मन यांची गाणी, एखादी लावणी आणि शेवटी नाचाची गाणी असा क्रम असतो. अशा वादकाला तीन तासांत पाच प्रकारचे आवाज देणारी, पिकअपचे निरनिराळे पर्याय असलेली गिटार लागते.

हंबकरचा मुद्दा थोडा सविस्तर पाहायला हवा, कारण सोलापुरात त्याला खरे महत्त्व आहे आणि ते संदेशात सांगितलेल्या कारणासाठी नाही. सिंगल कॉइल पिकअपमध्ये तारेचे एकच वेटोळे असते. ते तारांच्या कंपनांबरोबरच आसपासच्या विजेच्या तारा, ट्रान्सफॉर्मर आणि दिव्यांचे डिमर यांचे चुंबकीय क्षेत्रही टिपते. आपल्याकडे वीजपुरवठा 50 हर्ट्झचा असल्यामुळे ती घरघर 50 हर्ट्झ आणि तिच्या पटींमध्ये ऐकू येते. अभियंते सेथ लव्हर यांनी गिब्सनमध्ये दोन वेटोळी उलट दिशेने आणि चुंबकांची ध्रुवता उलट ठेवून जोडली, त्यामुळे तारांचा आवाज मिळून वाढतो आणि घरघर परस्परांना छेद देऊन नाहीशी होते. 1957 पासून गिटारींवर दिसू लागलेल्या या पिकअपचे नावच ‘हम’ रोखणारा असे आहे. मंडपात हॅलोजन, डिमर आणि ध्वनिवर्धक एकाच जोडणीवर असतात, तेव्हा मंद गाण्याच्या आरंभी गायक श्वास घेतो त्या शांततेत सिंगल कॉइलची घरघर पहिल्या रांगेपर्यंत पोहोचते. म्हणून मंडपात वाजवणाऱ्याने हंबकरचा विचार करावा, मग तो भावगीत वाजवो की रॉक. ज्यांना स्ट्रॅटोकास्टरच प्रिय आहे, त्यांनी मधला पिकअप उलट गुंडाळलेला आहे का, हे विचारून घ्यावे. तसा असेल तर पाच टप्प्यांच्या स्विचवरील दुसऱ्या आणि चौथ्या टप्प्यावर घरघर जवळजवळ नाहीशी होते. मात्र माइकला ओठ लागताच झटका बसत असेल तर तो पिकअपचा प्रश्न नसून अर्थिंगचा आहे. तिथे वाजवणे ताबडतोब थांबवावे, कारण त्यात जिवाला धोका असतो.

मेटलसाठी फ्लॉइड रोझ हवाच, या विधानाने आमच्या मुलांचे सर्वांत जास्त नुकसान केले आहे. हा ब्रिज तारांचा ताण आणि मागच्या स्प्रिंगांचा ताण यांच्या समतोलावर तरंगतो. एका लग्नाच्या स्वागत समारंभात माझ्या विद्यार्थ्याची पहिली तार तुटली. त्याच क्षणी स्प्रिंगांनी ब्रिज मागे ओढला, उरलेल्या पाचही तारा चढ्या सुरात गेल्या आणि पुढचे संपूर्ण गाणे त्याला हात बांधून उभे राहावे लागले. शिवाय वाद्यवृंदात गायिका ऐनवेळी पट्टी अर्ध्या सुराने उतरवायला सांगते. सगळ्या तारा उतरवायच्या ठरल्यास स्थिर ब्रिजच्या गिटारवर ते खुंट्या फिरवून मिनिटभरात होते, पण फ्लॉइड रोझवर आधी अ‍ॅलन किल्लीने तारा घट्ट धरणारी कुलपे सैल करावी लागतात आणि मग सहाही तारा पुन्हापुन्हा जुळवाव्या लागतात. ब्रिजची दांडी खोलवर दाबून पुन्हा अचूक सुरात परतण्याचे तंत्र ज्याला खरोखर वापरायचे आहे, त्याने हा ब्रिज अवश्य घ्यावा.

लाकडाविषयी थोडेच पुरे. ढोलकी, ऑक्टोपॅड आणि कीबोर्डच्या गजरात महॉगनी कोणती आणि बासवूड कोणते, हे ओळखणे मला तरी शक्य झालेले नाही. स्पीकर बदलल्याचा किंवा पिकअपची उंची बदलल्याचा फरक मात्र कोणालाही ऐकू येतो. लाकडाची चिंता करायचीच असेल तर ती आपल्या कोरड्या उन्हाळ्याची करावी. पारा 40 अंशांच्या वर गेला की फ्रेटबोर्ड (मानेवरची, बोटे ठेवायची लाकडी पट्टी) आकसतो आणि त्यातल्या फ्रेटची, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्यांची, टोके कडेने बाहेर येऊन तळहाताला टोचतात. मानेच्या कडेवरून बोट फिरवून हे दुकानातच तपासता येते.

‘चुकीच्या गिटारने शैली साधत नाही’ या शेवटच्या विधानाला टोनी आयोमी हे उत्तर आहे. बर्मिंगहॅममधील कारखान्यातल्या अपघातात त्यांच्या तारा दाबणाऱ्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली. त्यांनी बोटांना टोपणे बसवली, हलक्या तारा लावल्या, पुढे सूर उतरवला आणि त्यातून ब्लॅक सॅबथचा तो जड आवाज घडला. त्यांनी हाताला सोसेल तशी तारांची जुळणी केली आणि शैली त्या हातातून आली. हाताला किती ताण सोसावा लागेल, हे आपल्यालाही मोजता येते. फेंडरची नेहमीची स्केल लांबी (तारेच्या कंप पावणाऱ्या भागाची लांबी) 25.5 इंच आणि गिब्सनची 24.75 इंच, त्याच तारा त्याच सुरात लावल्या तर फेंडरवर ताण सुमारे 6 टक्के अधिक येतो, आणि मींड घेताना कोवळ्या बोटांना तो जाणवतो.

गेल्या वर्षी चौदा वर्षांची एक मुलगी वर्गात आली, तेव्हा त्या संदेशावरून वडिलांनी घेतलेली लेस पॉल घाटाची, चार किलोंहून जड गिटार तिच्या खांद्यावर होती. दहा मिनिटे उभी राहून वाजवले की तिचा डावा खांदा खाली झुकायचा आणि मनगट मुडपायचे. मग वडील आणि ती सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला गेले आणि मी सांगितल्याप्रमाणे प्रत्येक गिटार पट्टा लावून, उभ्याने, वीस-वीस मिनिटे वाजवून पाहून गिब्सनच्या एसजी या मॉडेलच्या घाटाची हलकी गिटार घेऊन आले. तिसऱ्या तारेवर पूर्ण एका सुराची मींड, जी तिला चार महिने अर्ध्यातच सोडावी लागत होती, ती पुढच्याच आठवड्यात तिने माझ्यासमोर सुरात घेतली.