कादंबरीतलं गाव बघायला निघालेल्यांसाठी

आवडत्या कादंबरीतली जागा प्रत्यक्ष बघायला निघालात? उत्तम. फक्त जाण्याआधी ती कादंबरी पुन्हा वाचू नका. पुस्तक डोक्यात ताजं असलं की जागा उगाचच चुकलेली वाटते.

श्रीगणेशा लंडनपासून करा. २२१ बी, बेकर स्ट्रीट. गुप्तहेर शेरलॉक होम्सचा हा पत्ता. त्याच्या पहिल्या गोष्टी छापून आल्या तेव्हा त्या रस्त्यावर एवढ्या नंबराचं घरच नव्हतं. पण १९९० साली तिथे संग्रहालय निघालं आणि २३७ व २४१ यांच्या मधल्या घरावर २२१ बी ही पाटी झळकली. गणित कच्चं असलेल्यांना इथे फार प्रसन्न वाटतं.

खरी परीक्षा यॉर्कशरच्या माळावर. एमिली ब्राँटेच्या 'वुदरिंग हाइट्स' कादंबरीतलं घर म्हणून ज्याची ख्याती आहे ते टॉप विदेन्स गाठायला हावर्थ गावातून चांगली तंगडतोड करावी लागते. वाटेवर जपानी भाषेतसुद्धा पाट्या आहेत, म्हणजे चुकण्याची सोय नाही. पोचल्यावर दिसतात छप्पर उडालेल्या दगडी भिंती आणि त्यावर ब्राँटे सोसायटीने १९६४ साली बसवलेला फलक. त्याचा आशय असा, की ही वास्तू धड उभी होती तेव्हाही एमिली ब्राँटेने वर्णन केलेल्या घराशी तिचं काही साम्य नव्हतं. फार तर हा परिसर तिच्या मनात असावा. शेवटी पुस्ती जोडली आहे, की अनेकांनी चौकशी केल्यामुळे हा फलक लावण्यात आला आहे. (बिचाऱ्यांनी किती जणांना तोंडी सांगून पाहिलं असेल!) तुम्ही फलकाकडे पाठ करून फोटो काढा. वाऱ्याने डोळ्यांत पाणी येईल, ते गहिवर म्हणून खपून जातं.

असला खडूसपणा फ्रान्समधल्या मार्सेयजवळच्या शातो दीफला नाही. तिथल्या किल्ल्यात 'काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो'च्या नायकाची कोठडी दाखवतात. नायक जन्मलाच नव्हता, पण कादंबरीत आहे तसं भिंतीतलं भोक जागच्या जागी आहे. आदरातिथ्य म्हणतात ते हे.

ड्रॅक्युलासाठी रोमानियातला ब्रॅनचा किल्ला कराच. 'ड्रॅक्युला' लिहिणाऱ्या ब्रॅम स्टोकरने रोमानियात कधी पाऊलही टाकलं नाही, ही माहिती तिकीट काढून झाल्यावर वाचावी.

काही गावं मात्र खरोखर समजूतदार असतात. फ्रेंच कादंबरीकार प्रूस्तने फ्रान्समधल्या इलिए गावावरून आपल्या कादंबरीतलं कोंब्रे हे गाव रचलं, तर १९७१ साली, त्याच्या जन्मशताब्दीला, गावाने आपलं नावच इलिए-कोंब्रे करून टाकलं. वाचकाला आणखी काय हवं?

उलट कोलंबियातलं अराकाताका बघा. कादंबरीकार गार्सिया मार्केझचं माकोंदो हे काल्पनिक गाव याच गावावर बेतलेलं. नावाला माकोंदो जोडावं का, यावर २००६ साली सार्वमत घेतलं, तर पुरेसे लोक मतदानालाच फिरकले नाहीत आणि बेत बारगळला. तिथे गेलात तर गावकऱ्यांशी हुज्जत घालू नका. आपण अराकाताकात राहतो, अशी त्यांची पक्की समजूत आहे.