तो दिवाणखाना आमचा नव्हता

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला, खोटं कशाला बोलू. दोन दिवसांनी पुन्हा वाचली ती पेन्सिल घेऊन. उत्तर लांबलंय, चालवून घ्या.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. माझ्या कादंबरीतली खापरपणजोबांची प्रकरणं मी इथे टाकली होती. त्यावर तुम्ही विचारलंत: 1876 साली नगरात (म्हणजे अहमदनगरात) आगगाडी कुठून आणलीत? महारवाड्यातून बाहेर पडलेल्या माणसाच्या घरात कोरीव खुर्ची, खांब, फुलदाणी कशी? आणि शेवटी, 'घराण्याचा वारसा' म्हणून जे मिरवता ते दुष्काळात धान्यासाठी बाटून ख्रिस्ती होणं आणि साहेबाची नक्कल करणं होतं, हे लिहायची लाज वाटते का?

आगगाडीबद्दल कान पकडतो. नगरवरून जाणारा दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला 1878 मध्ये. मी माझ्या माणसाला दोन वर्षं आधीच डब्यात बसवून दिलं. पण ही चूक निस्तरायला बसलो आणि प्रकरणच उलटंपालटं झालं. आजी म्हणायची, "ते लोखंडी रस्त्यावर होते रे." मी लहानपणापासून त्याचा अर्थ 'रेल्वेत नोकरीला होते' असा घेत आलो. मनातल्या मनात त्यांना मुकादमही करून टाकलं होतं! आजी मात्र 'नोकरी' हा शब्द एकदाही बोलली नव्हती. त्या मार्गाचं मातीकाम दुष्काळी काम म्हणून झालं. म्हणजे खापरपणजोबा गाडीतून नगरात आले नाहीत, गाडी यायची म्हणून डोक्यावर मातीच्या पाट्या वाहत होते.

त्या कामाची मजुरी काय होती? जानेवारी 1877 मध्ये, सरकारने दुष्काळाच्या पाहणीवर धाडलेल्या रिचर्ड टेम्पलसाहेबांच्या शिफारशीवरून ती खाली आणली गेली: पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम, तेही उन्हात दिवसभर माती वाहणाऱ्या माणसाला. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी कामं सोडली, पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू लावून धरली. आणि त्याच महिन्याच्या 1 तारखेला दिल्लीत दरबार भरवून व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर करण्यात आलं होतं. लेसचे पडदे, चहाची किटली, ऑर्गन हे सगळं त्या काळात कुठेतरी असेलच. मी मात्र आमच्या घराचा व्हिक्टोरियन काळ लिहायला घेतला होता आणि हा एक आणाच विसरलो होतो.

आता खुर्ची. आमच्याकडे खापरपणजोबांचा एकच फोटो आहे. अंगात कोट, डोक्याला पागोटं, डावा हात कोरीव खुर्चीच्या पाठीवर, मागे गोल खांब, पायऱ्या आणि फुलदाणी. चाळीस वर्षं तो बघतोय. त्यावरूनच मी त्यांचं घर उभं केलं. तुमच्या प्रतिक्रियेनंतर भिंग घेऊन बसलो, तर फुलदाणीच्या बरोबर मधून वरपासून खालपर्यंत एक चुणी गेलेली दिसली. पडदा! फोटोवाल्याने रंगवून टांगलेला पडदा. कोटाच्या बाह्या बोटांच्या पेरांपर्यंत आल्या आहेत, म्हणजे कोटही बहुतेक त्याचाच. खाली बघितलं तर पाय अनवाणी. हे पाय मला इतकी वर्षं दिसले कसे नाहीत, याचं उत्तर माझ्याकडे आहे, पण ते फार बरं नाही.

तिसऱ्या मुद्द्यावर मात्र मी तुमच्याशी भांडणार. धान्यासाठी? असेलही. पोटात खड्डा पडलेल्या माणसाने ज्वारी आधी मागितली की देव आधी मागितला, हे मी दीडशे वर्षांनी कसं ठरवू? आणि भाकरीसाठी गेले असतील तरी त्यांची लाज मला का वाटावी? बाप्तिस्मा झाला तो दुष्काळ सरल्यावर, 1879 साली. पाऊस आला, पिकं आली, तरी हे लोक मिशनमध्येच राहिले. गावाने बलुतं बंद केलं तेव्हाही राहिले. धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जाऊ नये असा कायदा 1850 पासून होता, पण सुगीला खळ्यावर जाऊन कायदा दाखवायचा कुणाला?

चर्चच्या लग्नांच्या नोंदवहीत 1881 साली साक्षीदार म्हणून खापरपणजी आहे. एक फुली, शेजारी कारकुनाच्या हातचं तिचं नाव. त्याच चर्चच्या 1898 च्या वहीत, मुलाच्या लग्नात, तिची सही आहे. बाळबोध अक्षर, शेवटचं अक्षर रकान्यात मावलं नाही म्हणून खाली उतरलेलं. नगरात अमेरिकन मिशनच्या शिक्षिका सिंथिया फरार 1839 मध्ये आल्या आणि 1862 मध्ये तिथेच वारल्या. मुलींच्या शाळांची ती रीत पुढे चालू राहिली, आणि कुठल्यातरी वर्गात ही बाई तिशी ओलांडल्यावर पाटी घेऊन बसली असणार. वारसा हा शब्द मी वापरला तो त्या खाली उतरलेल्या अक्षरासाठी. तो मागे घेत नाही.

नक्कल म्हणालात. पंडिता रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला ख्रिस्ती झाल्या, पण तिथल्या सिस्टरांच्या घरात राहूनही त्यांनी शाकाहार सोडला नाही. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, म्हणून वाद घातला. इकडे नगरात कृष्णराव सांगळे ख्रिस्ताचं कीर्तन करत होते. आमच्या घरातही खापरपणजीने नऊवारी कधी सोडली नाही. कुंकू मात्र सोडलं, आणि आठवडी बाजारात बाया तिला विधवा समजून बाजूला व्हायच्या, असं आजीने आपल्या या आजेसासूकडूनच ऐकलं होतं. हे तिला खुपत होतं का, ते आजीने विचारलं नाही.

प्रकरण पुन्हा लिहायला घेतलंय. आगगाडी काढली, मातीची पाटी घातली. खुर्ची आणि खांब ठेवलेत, पण फोटोवाल्याकडे, आणि कोट परत करून खापरपणजोबा अनवाणी घरी येतात.