दोन मैत्रिणी आणि त्यांच्यासोबत आलेले बाकीचे

जुन्या मैत्रिणीला सहकुटुंब भेटायचं ठरलं की त्या भेटीतून सगळ्यात आधी वगळली जाते ती मैत्रीणच. माझ्या घरी झालंय, ओळखीतल्या अनेकींच्या घरी झालंय. दोन घरं, चार मोठी माणसं, आपापल्या वयाची पोरं, सामानाने भरलेल्या दोन गाड्या. शनिवार-रविवार धावपळीत जातो आणि निघताना दोघी एकमेकींना म्हणतात, "अगं, बोलणं काही झालंच नाही." एवढ्या गर्दीत तेवढं एकच राहून गेलेलं असतं.

म्हणून माझं मत थोडं उर्मट वाटलं तरी लिहितेच. अशा वीकेंडला कुटुंबाने सोबत जरूर यावं, पण मुक्काम त्या दोघींचा आहे हे बाकीच्यांनी निघण्याआधी मान्य करावं.

मैत्रिणी असं मी मुद्दाम लिहितेय. पुरुषांचं तसं बरं चाललेलं असतं. नवऱ्याचे मित्र लग्नानंतर 'आपले फॅमिली फ्रेंड्स' होतात, बायकोची मैत्रीण मात्र 'हिची मैत्रीण'च राहते. त्याच्या मित्रांकडे जायचं म्हटलं की आपण बॅगा भरतो. आपल्या मैत्रिणीकडे जायचं म्हटलं की आधी विचारणा होते, "तिचा नवरा काय करतो? आपलं जमेल का त्यांच्याशी?" अपवाद असतील. असतील त्यांनी कमेंटमध्ये यावं, मनापासून स्वागत आहे.

आधी पहिल्या मेसेजबद्दल. बऱ्याच वर्षांच्या शांततेनंतर 'कशी आहेस?' एवढं टाइप करायला आणि मग खोडायला किती वेळ जातो, हे ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे. लारा अकनिन आणि जिलियन सँडस्ट्रॉम या दोघी मानसशास्त्रज्ञांनी यावर काम केलंय, 2024 मध्ये ते प्रसिद्ध झालं. ज्यांना जुन्या मित्राशी पुन्हा बोलायची इच्छा होती, ज्यांच्याकडे संपर्क होता, त्यांना मेसेज लिहायला आणि पाठवायला तिथल्या तिथे वेळ दिला. तरी पाठवला तो साधारण एक तृतीयांश लोकांनीच. त्यांना असंही दिसलं की जुन्या मित्राशी बोलायला लोक जेवढे तयार असतात, तेवढीच तयारी अनोळखी माणसाशी बोलायची असते. हे वाचून मला हायसं वाटलं. म्हणजे संकोच माझ्या एकटीचा नाही, आणि तिचंही इतकी वर्षं गप्प राहणं म्हणजे राग नव्हे. बहुतेक वेळा दोन्हीकडे नुसता खोडलेला मेसेज असतो.

आता जागा. एकीने दुसरीच्या घरी जाऊन राहावं हा सगळ्यात सोपा आणि माझ्या मते सगळ्यात वाईट पर्याय. जिचं घर ती पाहुणचारात अडकते. कपाटातून चादरी काढ, कोणाला काय लागतं ते विचार, स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यात येरझाऱ्या घाल. दुसरी तिच्या मागे मागे "अगं मी करते ना" म्हणत फिरते. याला भेट म्हणत नाहीत. दोघींच्याही घरापासून साधारण सारखं अंतर असलेली तिसरी जागा घ्यावी, म्हणजे यजमान कोणीच नसतं. एकाच छपराखाली, पण झोपायच्या खोल्यांना आपापली दारं असलेली. सकाळी लवकर उठणारी माणसं आणि उशिरा उठणारी माणसं यांची मैत्री टिकवायची असेल तर ही दारं फार महत्त्वाची.

आणि शक्य असेल तर आसपास पाहण्यासारखं काही नसलेली जागा निवडा. गंभीरपणे सांगतेय. एकदा का 'इथे आलोच आहोत तर तेही बघून येऊ' सुरू झालं की संपलं. सगळे तयार व्हा, एकाचे बूट सापडत नाहीत, पार्किंग शोधा, फोटो काढा, ग्रुप फोटोत एक जण डोळे मिटतो, परत काढा. जायचंच असेल तर गाड्यांमधली माणसं बदला: दोघी मैत्रिणी एका गाडीत, नवरे आणि मुलं दुसऱ्या गाडीत. गाडीत समोर रस्ता असतो, एकमेकींकडे पाहावं लागत नाही, त्यामुळे अवघड गोष्टी सहज बोलल्या जातात.

नवऱ्यांचा प्रश्न वेगळाच. आपली अपेक्षा अशी असते की आपण जिवलग आहोत, तर हे दोघेही शनिवारी दुपारपर्यंत जिवलग व्हावेत. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी 2018 च्या अभ्यासात मैत्रीला लागणाऱ्या तासांचा अंदाज मांडला होता: नुसत्या ओळखीतून हलकीफुलकी मैत्री व्हायला साधारण 50 तास, खरा मित्र म्हणायला 90, आणि जवळचा मित्र व्हायला 200 हून जास्त. शनिवार सकाळ ते रविवार संध्याकाळ, झोप वजा केली तर हातात उरतात वीस-पंचवीस तास. त्यातले निम्मे मुलांच्या मागे जाणार. तेव्हा दोन भल्या पुरुषांनी खुर्च्यांवर समोरासमोर बसून "मग, कामाचं काय म्हणता?" हे तिसऱ्यांदा विचारलं तर त्यांची चूक नाही. गणितच तसं आहे.

त्यांना एखादं काम द्यावं हा माझा उपाय. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांना घर सोडून शिक्षणासाठी बाहेर पडलेल्या तरुणांच्या मैत्रीचा अभ्यास करताना असं दिसलं होतं, की मुलींच्या मैत्रीला बोलणं धरून ठेवतं आणि मुलांच्या मैत्रीला एकत्र काहीतरी करणं. सगळ्यांना हे लागू होतं असं नाही. माझ्या ओळखीत तासन् तास गप्पा मारणारे पुरुष आहेत आणि फोनवर दोन वाक्यांत विषय संपवणाऱ्या बायकाही आहेत. पण बिघडलेला दिवा, अडकलेली खिडकी, पंक्चर झालेली सायकल असलं काही दोघांच्या हाती दिलं की तासाभरात 'अहो'चं 'अरे' होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. खिडकी दुरुस्त झालीच पाहिजे असं नाही.

मुलांना तर कोणी विचारतच नाही. "जा, त्याच्याशी खेळ" म्हणून आपण हुकूम सोडतो. आई-आईची मैत्री म्हणून चौदा वर्षांच्या मुलीने सहा वर्षांच्या मुलाला का आवडून घ्यावं? तिला कोपऱ्यात पुस्तक किंवा फोन घेऊन पडू द्यावं, 'अशी काय ही' म्हणून टोकू नये. तिचे कान मात्र उघडे असतात.

कारण मुलांसाठी या वीकेंडला एक गोष्ट घडते, जी एरवी घडत नाही. समोरची बाई त्यांच्या आईला भलत्याच नावाने हाक मारते. घरात कधी ऐकलं नाही असं काहीतरी अर्धवट, वेडंवाकडं नाव. आणि आई त्या नावाला 'ओ' देते, वर हसते, वेगळंच हसते. मग कळतं की ही बाई होस्टेलची भिंत चढायची, परीक्षेच्या आदल्या रात्री झोपून जायची, कोणाशी तरी महिनाभर अबोला धरून होती. मुलं पहिल्यांदा आईकडे जराशी बाहेरच्या माणसासारखी पाहतात. माझ्या मुलीने नंतर मला विचारलं, "तू तेव्हा घाबरायची नाहीस का?" तेव्हा म्हणजे कधी, हे मी विचारलं नाही. या एका कारणासाठी मुलांना न्यावं असं मला वाटतं.

जुन्या गोष्टींचंही एक शास्त्र आहे. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावल्या, तर साधारण वय वर्षे 10 ते 30 या काळातल्या आठवणी जास्त निघतात, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. म्हणून दोघी भेटल्या की त्याच त्या पाच-सहा गोष्टी निघणारच. सोबतच्या माणसांनी त्या ऐकून घ्याव्यात, पण एकदाच. आणि आपणही 'तू नव्हतास ना तेव्हा, तुला नाही कळणार' हे वाक्य तोंडातून काढू नये. बिचारा नवरा हसायचं कुठे या अंदाजात बसलेला असतो.

पण माझं खरं म्हणणं या गोष्टी संपल्यानंतर सुरू होतं. जुन्या गमती म्हणजे गाडीचं इंजिन गरम होणं. तेवढ्यावरच थांबलात तर तुम्ही पूर्वीच्या मुलीला भेटलात, आत्ताच्या बाईला नाही. आत्ताच्या बाईचे आई-वडील आजारी असतील, नोकरी डळमळीत असेल, शरीर बदलत असेल, आणि कदाचित लग्नाचंच काहीतरी बिनसलेलं असेल. हे चौघांत बोलता येत नाही. पुढच्याच खुर्चीत नवरा बसलेला असताना संसाराबद्दल खरं कोण बोलणार? फोनवरही नाही, कारण घरात कोणीतरी ऐकत असतंच. त्यासाठी दोघींना एक अख्खी सकाळ लागते. चालायला जा, नुसत्या बसा, काहीही करा. त्या वेळात फोन करून 'मोजे कुठे आहेत' हे विचारू नये, एवढी अट बाकीच्यांना आधी घालून ठेवा. मोजे बॅगेतच असतात.

पैशाचं थोडक्यात. इतक्या वर्षांत एकीचं बरं झालेलं असतं, दुसरीचं बेताचं, आणि कुठलीच ते बोलून दाखवत नाही. तेव्हा जागा तिने निवडावी जिचा हात आखडता आहे, आणि हिशोब माणशी न करता घरटी अर्धा-अर्धा करावा. मुलं मोजायला लागलात की कटकट सुरू होते.

"मग दोघीच जा ना, कुटुंब कशाला?" असं काही जणी विचारतील. जमत असेल तर जरूर जा. अनेकींना घर सोडून निघता येत नाही, आणि सहकुटुंब हीच त्यांना मिळणारी एकमेव परवानगी असते. हे आवडो न आवडो, तसं आहे. शिवाय ती तिच्या मुलावर कशी चिडते, नवऱ्याशी कुठल्या सुरात बोलते, थकल्यावर कशी दिसते, हे फोनवर कधीच कळलं नसतं. माझ्या मैत्रिणीला मी इतकी शांतपणे 'नाही' म्हणताना पहिल्यांदाच पाहिलं. पूर्वी तिला ते जमायचं नाही.

आणि कृपा करून परतल्यावर चौघांचा व्हॉट्सअॅप ग्रुप काढू नका. आठवड्याभरात त्यावर सुप्रभातची फुलं येतात आणि महिन्याभरात सगळे तो म्यूट करतात. त्यापेक्षा पुढची तारीख निघण्याआधीच ठरवा, गाड्यांत सामान भरत असताना का होईना. आम्ही ठरवलीय. नवऱ्यांना अजून सांगितलेलं नाही.